विहिरीवरचा दोर
उन्हात तापलेल्या चामड्याचा वास आला की मला माझ्या ट्रान्झिस्टरचं कव्हर आणि दुष्काळातला गावच्या सोसायटीचा ओटा आठवतो. रेडिओ माझा होता, पण संध्याकाळी बातम्या संपल्या की त्यांचा अर्थ विचारायला सगळे वळायचे माझ्या शेजाऱ्याकडे, आणि त्या हेव्यानं मी जळायचो. अमेरिकेनं व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवल्याची बातमी आली तेव्हा मी म्हणालो, "अमेरिका कुणाला भीत न्हाई, दमली असंल." शेजारी हसला. "भीत न्हाई बे, पण दोस्त देश तोंड फिरवाया लागले, युनोत बोलणी खावी लागली. लई मोठ्या माणसालाबी एकट्याला जेवण गोड लागत न्हाई." सगळा ओटा खदखदून हसला. त्या रागात मी दुसऱ्या सकाळी माझ्या विहिरीवरचा दोर काढून घेतला. त्याच्या घराचं पाणी तिथूनच जायचं. तो भांडला नाही. त्याची बायको कोसभरावरून घागरी आणू लागली. मग ही गोष्ट कानावर जाताच धर्मापुरीच्या माझ्या मेहुण्यानं कबूल केलेली कडब्याची गाडी पाठवली नाही, आणि सोसायटीचे पंच माझ्या रेडिओजवळ बसेनासे झाले. आठवड्यात मी दोर परत बांधला. शेजारी घागर भरताना एवढंच म्हणाला, "रेडिओ लाव की, बातम्यांची येळ झाली." परवा, इतक्या वर्षांनी, गावानं त्या दुष्काळात विहीर खुली ठेवल्याबद्दल मला शाल दिली. ती दया नव्हती, मी एकटा पडलो होतो, हे आज लिहून ठेवतो. पुढच्या रांगेत तोच शेजारी मनापासून टाळ्या वाजवत होता, आणि या वयातही मला त्याचा हेवाच वाटला.