माग बंद होता

आमच्या घरी कुणाचंही लग्न असो, पंगतीत तुपाची वाढणी सुरू झाली की कुणीतरी त्या मांजरीची गोष्ट काढतंच. संगमनेरच्या घरातली करडी मांजर, शिंक्याची गाठ दातांनी सोडवून तुपाचं गाडगं खाली पाडणारी. सगळे हसतात. परवा नातवानं ती सांगितली तेव्हा मी भरल्या पानावरून उठलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला बरं नाही. मला काही झालं नव्हतं. संताप आला होता, आणि तो नातवावर नव्हता. ती गोष्ट माझीच आहे. मीच ती रचली आणि मीच इतकी वर्षं मीठमसाला लावून सांगितली. ती खोटी आहे.

लढाईचे दिवस होते. सूत कंट्रोलात, धान्य मापून. आमचे विणकामाचे दोन खड्डामाग होते, एकावर वडील, एकावर मी. माझं नुकतंच लग्न झालेलं. बायको सोनईची. पहिल्या माहेरपणाहून परतताना तिनं पदराखाली हे पिल्लू आणलं. उंदीर सूत कुरतडतात म्हणून वडिलांनी ठेवून घेतलं. परक्या घरात बायकोला मोकळेपणानं बोलायला ती एक मांजरच होती.

मांजर हुशार होती, एवढं मात्र खरं. खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस धोटा चालू असताना चटकन उठत नाही, हे तिनं महिन्याभरात ओळखलं. दोन्ही मागांचा खटखटाट सुरू झाला की ती चुलीकडे वळायची. दुधाची साय, भाकरीचा कोर, जे हाती लागेल ते. धोटा थांबला की ही उंबऱ्यावर, डोळे मिटून, जशी काही सकाळपासून तिथंच पडून आहे. वडील मुद्दाम मध्येच माग थांबवून डोकावायचे. एकदाही सापडली नाही. पण माग बंद असताना तिनं चुलीकडे पाऊल टाकलं नाही, हेही सगळ्या घराला ठाऊक होतं.

माझी बहीण बाळंतपणाला यायची होती. तिच्यासाठी आईनं चार महिने आमच्या सगळ्यांच्या पानातलं तूप तोडून एक गाडगं भरलं आणि शिंक्यावर टांगलं. त्या दिवशी सूत संपलं होतं. वडील सुताच्या रांगेत उभे होते, आई शेजारी गेली होती, बायको मागच्या पडवीत सुताच्या रिकाम्या कांड्या पुसून ठेवत होती. मी एकवीस वर्षांचा धडधाकट बाप्या, अर्ध्या भाकरीवर उठलेला. शिंक्यात हात घातला. एकदा चाटलं, दुसऱ्यांदा मूठ भरली, तिसऱ्यांदा शिंकं कलंडलं आणि गाडगं खाली येऊन फुटलं.

मी बाहेर पळालो. ताण्याच्या उभ्या धाग्यांना लावायची पिठाची खळ शिजवून ठेवलेली होती, तिच्यात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले, वास जावा म्हणून. मग मागाच्या खड्ड्यात बसून तुटके धागे सांधत असल्याचं सोंग केलं.

आई आली ती थेट मांजरीवर घसरली. तेव्हा बायको भाबडेपणानं म्हणाली, "आत्याबाई, ती न्हाई. माग बंद हुता."

सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट ती बोलली होती. पण मांजर नाही तर मग कोण? आईनं तिच्याकडे पाहिलं. घरात मागच्या बाजूला ती एकटीच. आई म्हणाली, "मग माझं तूप गिळलं कुनी? तुझ्या माहेरी असंच शिकवत्यात का?"

मी सहा हातांवर बसलो होतो. ऐकत होतो. बायको रडायला लागेपर्यंत गप्प राहिलो, आणि मग म्हणालो, "मांजरच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

बायकोला वाचवलं म्हणून पुढं मी हीही फुशारकी मारली आहे. कुणाला वाचवलं? त्यानंतर वर्षानुवर्षं आईनं तिला तुपादुधाजवळ एकटं सोडलं नाही.

वडील सूत घेऊन आले. रात्र पडायच्या आत त्यांनी ताण्याला खळ लावायला घेतली. ती धाग्यावर धरेना, घसरू लागली. तुपकट खळ कशी वागते हे विणकराला सांगावं लागत नाही. त्यांनी बोट बुडवून हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भांडं नेऊन उकिरड्यावर ओतलं. पोराची अब्रू राखली, सुनेची गेली. त्यांचाही मला आज राग येतो.

मांजर मारणं पाप, म्हणून तिला नदीपार सोडायचं ठरलं. सुताच्या गोणीत घालून मीच प्रवरेपलीकडे नेली, दिशा कळू नये म्हणून गोणी तीनदा गरगर फिरवली. उन्हाळ्यात नदीला पाणी ते किती! चौथ्या दिवशी वाळू तुडवत परत आली. माग चालू होता. इतक्या उपाशीपोटी ती नेहमीप्रमाणे चुलीकडे जायला हवी होती, पण सरळ माझ्या खड्ड्याशी येऊन बसली. तेव्हा तरी तोंड उघडायचं. नाही उघडलं. आई म्हणाली, लांब ने. भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या मालमोटारीत मीच तिला चढवली. माझ्या हातात ती धडपडली नाही. मी ओळखीचा होतो ना.

बायको दारात उभी होती.

आई गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. तिच्यामागं स्वयंपाकघर बायकोच्या हाती आलं. आईच्या दुखवट्याचे दिवस होते, माग थांबवलेले होते. मी जेवायला बसलो. बायकोनं शिंक्यावरून तुपाचं भांडं उतरवलं, सबंध भांडं माझ्या पानाशेजारी ठेवलं आणि म्हणाली,

"घ्या पोटभर. माग बंद हाय."

आणि पडवीत निघून गेली. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. आता तीही नाही, तेव्हा माफी मागायलाही मी कुणाला ठेवलेलं नाही.

त्या दिवशी ती पडवीत गेल्यावर मी त्या भांड्यात हात घातला. भाकरीवर तूप घेतलं आणि जेवलो. पुढच्या लग्नात गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगा.