पायपाच्या त्या टोकाकडं

हुमनाबादच्या बसस्टँडवर माझी चहाची टपरी आहे. दर दोन वर्षांनी दुबईहून सुट्टीवर येणारा जवळच्याच निर्णा गावचा एक जण तिथं हमखास थांबतो. नाव मी कधी विचारलं नाही. चहा पितानाही तो एक खांदा पुढं करून, गुडघे किंचित वाकवून उभा राहतो.

दुबईत बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी बांधलेल्या एका थंडगार हॉलमध्ये तो मशीनचा बर्फ फावड्यानं ओढतो. काम संपलं की दोन्ही पायांना एकच फळी बांधून, तसाच खांदा पुढं करून, बर्फात रोवलेल्या लोखंडी पाइपवरून घसरायला शिकतो. अजून अर्ध्यावरच पडतो.

"कामून पडायलास रं?" मी एकदा विचारलं.

"खाली बघतो की, अण्णा. लहानपणापासनं बांधावरनं चाललोय. काटा असंल, साप असंल, नजर पायातच. तिथला मास्तर वरडतो, पायाकडं बघू नको, पायपाच्या त्या टोकाकडं बघ. मान ऐकत न्हाई."

यंदा परत निघाला तेव्हा आई सोडायला आली होती. कमरेत पार वाकलेली. तिनं हात उंचावून बसमध्ये तो बसला होता त्या खिडकीची दांडी धरली.

"बग की रं लेकरा इकडं."

त्यानं तिच्या बोटांवर हात ठेवला, पण खाली बघितलं नाही. गाडी हलली, बोटं सुटली, तरी तो समोरच्या काचेतून रस्त्याच्या टोकाकडंच बघत होता.

मान ऐकायला लागली होती.