परीक्षा औषधाची

गेल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी आई गेली. आज मोसंबी सोलताना सालीच्या वासानं कॅन्सर रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातली ती खोली आठवली. डॉक्टरीणबाईंसाठी पाचोडहून आणलेली मोसंबी आईच्या मांडीवर होती. बाई नव्या औषधाची चाचणी समजावत होत्या आणि आईवर प्रयोग नको म्हणून मी अडून बसलो होतो. आईनं विचारलं, "बाई, परीक्षा औषधाची का माझी?" "औषधाचीच, मावशी." "मंग नापास व्हईल तर ते व्हईल. मी चौथीत झाले, तेवढं बास. द्या मला." बाई हसल्या, माझा विरोध तिथंच संपला. त्या औषधामुळं आई मोसंबीचे आणखी दोन बहर आमच्यात राहिली. परवा बाईंचा फोन आला, "मावशींचं औषध पास झालं." आई नाही; औषध आहे.