वरवंट्याचं बारसं

मला माणसांना रडवता येतं. आठवडाभर मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरच्या एका कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. तिथे या गोष्टीचा काही उपयोग नाही. तिचा उपयोग शनिवारी व्हायचा.

आमची मुलगी चीनहून आली तेव्हा चार वर्षांची होती. आता ती हायस्कूलला आहे. तिला आणल्यावर काही महिन्यांनी आमच्या दत्तक एजन्सीने विचारलं, चीनमधून मूल घेणाऱ्या नव्या पालकांच्या तयारीच्या वर्गात येऊन बोलाल का? मी गेलो आणि मग जातच राहिलो. वर्ग एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. सोशल वर्कर बाई मुलांच्या आजारांबद्दल सांगायच्या. अनाथालयातल्या सवयी आणि विमानातली रडारड हेही त्यांच्याकडेच. शेवटचा तास माझा असायचा. त्यात मी वाईट माणूस व्हायचो.

म्हणजे रोल-प्ले. पालकांनी समोर बसायचं, आणि मी कधी सुपरमार्केटच्या रांगेतला आगाऊ म्हातारा, कधी शेजारीण, कधी त्यांच्याच घरातली आत्या होऊन त्यांना बोलायचं. "हिची खरी आई कुठे आहे?" "केवढ्याला पडली?" "मोठी झाली की शोधत जाईल तिकडे, तुम्ही बसा मग." पालकांनी न चिडता, मुलीला ऐकू जातंय हे लक्षात ठेवून उत्तर द्यायचं. घरी सराव झाला की बाहेर जीभ अडखळत नाही, असं त्यामागचं कारण होतं. कारण खरंच होतं. पण मला ते फार चांगलं जमायचं. समोरच्या बाईचं दुखरं ठिकाण कुठे आहे ते मला दोन वाक्यांत कळायचं आणि तिसऱ्या वाक्यात मी तिथे बोट ठेवायचो.

"तुला मजा येते त्यात," माझी बायको एकदा म्हणाली. ती वर्गाला यायची बंद झाली होती.

मराठी जोडपी क्वचितच यायची. आली की त्यांची तयारी मी वेगळी, घरी बोलावून, मराठीत करून घ्यायचो. कारण त्यांना जे ऐकावं लागणार होतं ते इंग्रजीत नसतं. असंच ते नागपूरचं जोडपं आलं. तो माझ्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर कामाला होता. ती रविवारच्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवायची. दोघं चाळिशीच्या आसपास, नुकतेच अमेरिकन नागरिक झालेले. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी ठरली होती. तिच्या हृदयाला छिद्र होतं, ऑपरेशन झालेलं होतं, आणि जन्मापासून ती अनाथालयातच होती.

आमच्या बैठकीच्या खोलीत मी त्याची आई झालो.

"काहून रे? नागपुरात पोरी कमी पडल्या का तुले?"

"आई, आम्हाला हीच..."

"नकटी, चपटी. उद्या लग्नात बाजूला उभी राह्यली तर लोक म्हणतील, मोलकरीण आणली."

"दादा, यार," तो हसत म्हणाला, "माझी आई इतकी वाईट नाहीये."

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. तिच्याकडे वळलो. "आणि सूनबाई, तुम्ही सांगा. दोष तुमच्यात की आमच्या पोरात?"

ती उठून बाथरूममध्ये गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "परत विचारा," ती म्हणाली. मी परत विचारलं. या वेळी तिने उत्तर दिलं. "दोष शोधायला नाही आलो आई, मुलगी आणायला चाललोय." मला तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःचाही.

त्याची आई इतकी वाईट होती, हे पुढे व्हिडिओ कॉलवर कळलंच. ती जवळजवळ तेच बोलली. फक्त मोलकरणीच्या जागी तिने नर्स म्हटलं होतं.

मग करोनाची साथ आली आणि चीनची दारं बंद झाली. मूल ठरलेली सगळी कुटुंबं जिथल्या तिथे थांबली. सगळ्यांना वाटत होतं, काही महिन्यांचा प्रश्न आहे. वर्गात आम्ही दोन नियम शिकवायचो. मुलाला तारखेचं वचन द्यायचं नाही. आणि प्रवासाचा परवाना हातात पडेपर्यंत तुम्ही ठेवलेल्या नावाने त्याला हाक मारायची नाही. तोवर ते तिथलं आहे, नाव तिथलंच चालू द्यायचं. हे दुसरं मीच जोर देऊन सांगायचो.

अनाथालय अधूनमधून फोनवर भेटू द्यायचं. एक सांभाळणारी बाई फोन धरायची आणि एजन्सीचा दुभाषी तिसऱ्या खिडकीत असायचा. मुलगी फोनच्या इतकी जवळ यायची की फक्त एक डोळा आणि कपाळ दिसायचं. इकडून त्याची बायको तिला रोज काढलेली चित्रं दाखवायची. हे घर, हा तुझा पलंग, हा कॅक्टस, हात लावायचा नाही. मुलगी हात लावल्यासारखं करायची आणि ओरडायची.

असं एक वर्ष गेलं, मग दुसरं. इकडे नातेवाईक बोलायला लागले. त्याची बहीण न्यू जर्सीला असते. तिने भावाला सरळ सांगितलं, "अरे, येणार नाहीये ती. देव वाचवतोय तुम्हाला, समजून घ्या." त्या रात्री त्याची बायको जेवली नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, ही खचत चाललीये. काहीतरी सांगा."

मी सांगितलं, बारसं करा.

का सांगितलं? तेव्हा मी म्हणालो की एकदा आत्याने नाव ठेवलं की मुलगी घरची होते, मग कुणाची बोलायची हिंमत होत नाही. ते खरं वाटत होतं. पण मला हेही माहीत आहे की आमच्या मुलीचं बारसं झालं नव्हतं. माझी आई आली नाही, बहिणीने कामाचं कारण दिलं, आणि चार वर्षांच्या मुलीचं कसलं बारसं, असं म्हणून मीही तो विषय सोडला होता. मला ते कुणाच्या तरी घरी व्हायला हवं होतं. नावाच्या नियमाचं त्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नियम अमेरिकन लोकांसाठी आहेत. त्यांना घरच्यांची संमती लागत नाही."

त्याच्या बहिणीला मीच फोन करून पटवलं. ती विमानाने आली, पण तोंड सोडलं नाही. "पाळण्यात कोण आहे? कानात कुणाच्या सांगू, ब्लूटूथच्या?"

पाळणा महाराष्ट्र मंडळातल्या एका कुटुंबाकडून आणला. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून आणि वरून फिरवतात. इथे बाळच नव्हतं, म्हणून वरवंटाच पाळण्यात ठेवायचा असं ठरलं. वरवंटा माझ्या बायकोचा होता, नागपूरहून चेक-इन बॅगेत आणलेला, एअरपोर्टवर उघडून बघितलेला. टोपडं होणाऱ्या आईने शिवलं होतं, सहा-सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या मापाचं. ते दगडावर सारखं घसरत होतं, शेवटी रबरबँड लावला. नागपूरहून तिच्या सासूबाई आयपॅडवर बघत होत्या. "धोंड्याले टोपडं घालून नाचा," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू गेलं. मी हसून वेळ मारून नेली.

टीव्हीवर ती मुलगी होती. तिकडे सकाळ होती. बायका वरवंटा एकमेकींच्या हातात देत पाळण्याखालून फिरवत होत्या. ते बघून ती इतकी हसली की सांभाळणाऱ्या बाईने तिला धरलं. मग ती पळत गेली, एक स्टीलचा पेला घेऊन आली, त्याला आपला मोजा घातला आणि शेजारच्या मुलाच्या खुर्चीखालून फिरवायला लागली. ते बघून आत्याबाई रडल्या. त्यांनी फोन हातात घेतला, तोंडाजवळ धरला आणि नाव सांगितलं. दुभाष्याने ते दोनदा विचारून घेतलं. मुलीने म्हणून बघितलं. पहिल्या वेळी चुकलं, दुसऱ्या वेळी बरोबर आलं. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आता कुणाचं आहे, मला माहीत नाही.

त्यानंतर ती जुन्या नावाला ओ देईना. सांभाळणाऱ्या बाईने दुभाष्याकरवी तक्रार केली की ही हट्ट करते, सगळ्यांना नवीन नाव घ्यायला लावते, नाहीतर जेवत नाही. आम्ही हसलो. "आत्यावर गेली," असं तिचा बाप होऊ घातलेला माणूस म्हणाला. प्रत्येक कॉलला ती एकच विचारायची, कधी येणार? आणि दोघं म्हणायची, लवकर. हेही चालेल, असं मीच सांगितलं होतं. लवकर ही काही तारीख नाही.

मग एक दिवस चीनने परदेशात मुलं देणं कायमचं बंद केलं. ज्यांची ठरली होती, त्यांचीही. एजन्सीची मेल माझ्याकडे त्यांच्या आधी आली. मी ती मीटिंगमध्ये वाचली आणि मीटिंग पूर्ण केली.

शेवटी एक कॉल होईल, निरोपाचा, असं एजन्सीने सांगितलं. त्याआधीच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती दोघं माझी वाट बघत होती. मला वाटलं, सांत्वन हवंय. तिने मला मुलीच्या खोलीत नेलं. पलंगावर उशीला टेकून तो वरवंटा बसवला होता, टोपड्यासकट.

"दादा, आमची तयारी करून घ्या," ती म्हणाली.

"कसली?"

"इतकी वर्षं वाईट माणूस झालात ना. आज तिचं सोंग करा. ती काय म्हणेल ते आम्हाला ऐकवा. तिच्यासमोर मला रडायचं नाहीये."

मी नाही म्हणू शकलो असतो. तिचा नवरा म्हणालाही, "जाऊ दे, नको." पण मी खाली चटईवर बसलो. ती दोघं पलंगाच्या कडेला बसली. मी सुरू केलं.

"कधी येणार?"

"बेटा," तो म्हणाला, "आम्हाला आता येता येणार नाही."

"मग कधी?"

तो वरवंट्याचं टोपडं सरळ करायला लागला. मी वाट बघितली. वर्गात मी शिकवत असे की मूल नेहमी स्वतःलाच दोष देतं. म्हणून मी म्हणालो, "मी जेवत नव्हते म्हणून?"

तो उठला आणि गॅरेजमध्ये गेला. दार आपटल्याचा आवाज आला. तेव्हा मी थांबायला हवं होतं. ती म्हणाली, "चालू ठेवा."

"हे नाव परत देऊ का?"

ती पलंगावरून खाली आली आणि माझ्यासमोर बसली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. बावन्न वर्षांच्या, न दाढी केलेल्या माणसाचा. आणि मुलीच्या नावाने हाक मारून बोलायला लागली. काय बोलली ते सगळं मला आठवतं. नाव तुझंच आहे, कुणी काही म्हटलं तरी देऊ नकोस. तू काही केलं नाहीस. जेवत जा. तुझा पलंग... आणि इथे मी ते केलं.

मी पाठ फिरवली. अशा वेळी मुलं तेच करतात. आमची मुलगी हॉटेलच्या खोलीत पहिले दिवस तशीच, भिंतीकडे तोंड करून बसायची. रोल-प्ले खरा व्हायला हवा, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की मी चटईवर बसल्या बसल्या भिंतीकडे वळलो आणि गुडघे पोटाशी घेतले. मागे ती वाक्य अर्ध्यात थांबली. तिचा हात माझ्या पाठीवर आला, मी खांदा झटकला. तेही मुलं करतात. मग ती म्हणाली, "बस, दादा."

घरी मी बायकोला सांगितलं, भिंतीकडे वळलो तेही. आमची मुलगी तिथेच सीरियल खात होती. "यू डिड मी?" तिने विचारलं. "बाबा, यू डिड मी?" वाडगा सिंकमध्ये ठेवून ती वर गेली.

निरोपाचा कॉल झाला नाही. अनाथालयाने कळवलं की मुलीला अशाने त्रास होतो, आता संपर्क नको. त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. तिला कुणी काय सांगितलं, सांगितलं का, ती अजून कुठल्या नावाला ओ देते, हे कळायचा मार्ग नाही. त्या नागपूरच्या बाईला मुलीला जे सांगायचं होतं ते तिने माझ्या तोंडाला आणि मग माझ्या पाठीला सांगितलं. अर्धं.

वर्ग बंद झाला. शनिवारी मी घरी असतो. वरवंटा तिने परत केला नाही, आम्ही मागितला नाही. बायको चटणी मिक्सरमध्ये करते.

मात्र दर काही दिवसांनी त्या नागपूरच्या बाईचा मेसेज येतो. तिला ते बोलणं पूर्ण करायचं आहे. "दादा, एकदा येऊन बसा. फक्त समोर बसा, काही बोलू नका. मी सांगते आणि संपवते." काल परत आला, नुसता, "कधी येणार?"

मी लिहिलं, लवकर.