मापाची चोळी

निजामाच्या अमदानीत बीडच्या बाजारात इसाक दर्जीचं दुकान होतं. देशमुखांकडच्या बायका संध्याकाळच्या हळदीकुंकवाला ज्या जरीच्या चोळ्या घालून बसत, त्या सगळ्या त्याच्याच हातच्या. भर दिवसा दार लावून तो कापड दिव्यापाशी निरखायचा. दिव्यात जर कशी दिसते ते उन्हाला काय कळणार, म्हणायचा. काय माणसं होती ती! आता एवढा वेळ आहे कुणाला?

गंमत अशी, की तीस वर्षं ज्यांना नटवलं त्या बायकांपैकी एकीलाही त्यानं पाहिलं नव्हतं. गोषा होता. घरची मोलकरीण जुनी चोळी माप म्हणून आणायची, तिच्यावरून इसाक नवी बेतायचा. कोण वाळली, कोण अंगानं भरली, हे त्याच्या बोटांना कळायचं. बोलायची मात्र सोय नव्हती. परक्या बाईच्या मापाबद्दल पुरुषानं अवाक्षर काढलं, की ते घर तुटलंच म्हणून समजा.

देशमुखांच्या शिवकन्येच्या पहिल्या बाळाचं बारसं ठरलं. बायनाबाई मोलकरीण हिरवी मखमल आणि मापाची चोळी घेऊन आली. चोळी हातात घेताच इसाक चपापला. टाका त्याचाच, पण माप शिवकन्येच्या आईचं, गीताबाईंचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याला भरून आलं. बायनाबाईनं पेटीतून चुकून भलतीच चोळी उचलली, असं त्यानं धरलं. पण सांगणार कसं? आणि गप्प राहावं तर भरल्या समारंभात पोरीच्या अंगावर चोळी ढगळ दिसायची. शेवटी चार वर्षांपूर्वी तिच्या लग्नाची चोळी शिवली होती, त्या मापानं त्यानं गुपचूप शिवून दिली. वाढीव कापड कापायचं नाही, आत दुमडायचं, ही त्याची जुनी खोड.

बारशाच्या दिवशी दुपार कलल्यावर बायनाबाई धापा टाकत आली.

"चाचा, बाही दंडातच अडकली की! ताईसाब रडायल्यात. दिवेलागणीला बाया येतेत."

"पर ते माप..." इसाक अडखळला.

"माप बरूबर हाय. ताईसाबनीच काढून दिलं. बाळंतपणानं अंग भरलं, आता आईचीच चोळी बसती त्यास्नी. तुमी कावून लहान केली?"

इसाकच्या लेखी ती अजून लग्नातली तेरा वर्षांचीच होती. खुळा कुठला! त्यानं भराभर टाके उसवले, दुमड मोकळी केली. गीताबाईंचं माप त्याच्या हाताला पाठ होतं. शिवताना दोनदा डोळे पुसावे लागले, बायनाबाईनं ते पाहिलंही. दिवे लागायच्या आत चोळी वाड्यावर पोचली.

दुसऱ्या दिवशी बायनाबाई बारशाच्या घुगऱ्या घेऊन आली. तिनंच सांगितलं.

"काय सांगू चाचा, ताईसाब दिव्यापुढं आल्या न् समद्या बाया गप. थोरल्या आत्याबाईला कमी दिसतं. त्यांनी तर हाकच मारली, 'गीता, आलीस व्हय गं?'"

"मग?"

"मग काय. ताईसाब म्हनल्या, 'व्हय, आले.'"