चौथा ठोका

चार ग्रहांच्या गिअरबॉक्समध्ये मी तीनच ग्रह धरले आणि ऐन हंगामात चालती ऊसमिल बंद पाडली.

हे ग्रह आकाशातले नव्हेत. ऊस पिळणाऱ्या मिलच्या गिअरबॉक्सात मधोमध एक दातेरी चाक असतं आणि त्याच्याभोवती लहान चाकं फिरत असतात. मधल्याला सूर्य म्हणायचं, भोवतालच्यांना ग्रह. माझा धंदा त्यांची थरथर मोजण्याचा. चुंबकाचा सेन्सर बाहेरून चिकटवायचा, लॅपटॉपवर आलेख बघायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचं. डॉक्टरसारखंच. फरक एवढाच, की रोगी उलटून बोलत नाही. नातेवाईक बोलतात.

हंगामात मी इतके कारखाने हिंडतो की अंगाला मळीचा वास बसतो तो होळीपर्यंत जात नाही. त्या दिवशी जालन्याहून वडीगोद्रीच्या रस्त्यानं गेल्तो, अन् गाडीतून उतरतानाच गुडघ्यांनी तक्रार मांडली. घशात चिपाडाची धूळ, डोळ्यांत जागरण.

मिलचा इनचार्ज चाळिशीतला इंजिनिअर, कुंभार पिंपळगावाकडच्या शेतकरी घरातला. त्याच्या चुलत्याचा ट्रॅक्टर बाहेर रांगेत उभा होता, आणि पुढंमागं गावातलेच. मिल थांबली की रांग थांबते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो, आणि गावात बोलणी खायची ती यानं.

“साहेब, बंद करायचीच का? बराबर बघितलं ना? बाहेर माझा अख्खा गाव उभाय.”

मी आलेखाकडं बघत राहिलो. जत्रेतल्या चक्रीपाळण्याशेजारी उभं राहिलं, की एकेक घोडा जवळ येताना पोरांचा कल्ला चढतो आणि लांब गेला की उतरतो. सेन्सरचं तसंच. प्रत्येक ग्रह जवळून जाताना थरथर चढते. ग्रह तीन, म्हणजे एका फेरीत तीन चढ. मला दिसत होते चार.

“हा चौथा ठोका बघा,” मी गंभीर आवाज काढला. “दात तुटलाय. असाच चालवला तर आत चुरा होईल.”

“गिअरबॉक्सवरची पाटी बघितली ना? औंदा नवा बसवलाय.”

“बघितली की.”

अगदीच खोटं नव्हतं. पाटी आहे, एवढं मी बघितलं होतं. आत ग्रह किती ते तिच्यावर कोरलेलं असतं; पण ती होती खालच्या अंगाला, ग्रीस आणि भुशाच्या थराखाली. वाचायचं तर वाकावं लागलं असतं, आणि कंबरेचा तसा बिलकुल विचार नव्हता. लॅपटॉपात जुन्या गिअरबॉक्सचा नकाशा होताच. त्यात तीन.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मिल थांबवली. एवढा मोठा आवाज एकदम बंद झाला की कान रिकामे वाटतात. मग बाहेरून ट्रॅक्टरचे हॉर्न सुरू झाले, आणि हॉर्नपाठोपाठ त्याचा चुलता आत आला.

“काय झालं रे?”

“ग्रह बिघडलाय काका. साहेब म्हणून राह्यले.”

“ग्रह? शनी हाये का?”

कुणी हसलं नाही. तेल काढलं, वरचं छोटं झाकण उघडलं. एक जण हातानं यंत्र हळूहळू फिरवू लागला, तसा एकेक ग्रह झाकणाखाली येऊ लागला. इनचार्ज बॅटरी मारून दातांवरून बोट फिरवायचा, फडक्यानं पुसायचा आणि खडूनं आकडा टाकायचा. एक, धड. दोन, धड. तीन, धड.

“आता परत पहिला येईल,” मी म्हणालो. “जरा नीट बघू.”

चाक आलं. त्याच्यावर खडू नव्हता.

“तेलानं पुसला असेल,” मी म्हणालो.

इनचार्जनं ते फडक्यानं पुसलं. त्या चाकाच्या दातांवरूनही बोट फिरवलं आणि चार लिहिला. तेही धड. पुढचं चाक आलं, त्याच्यावर ठळक एक होता.

त्यानं बॅटरी विझवली. “झाकण लावा, जल्दी,” एवढंच म्हणाला, माझ्याकडं न बघता. ते मला फार लागलं. शिवी दिली असती तर घेतली असती.

त्याचा चुलता मात्र मला खालपासून वरपर्यंत बघत होता. मग पुतण्याकडं वळला.

“लेका, ह्यांला चारपर्यंत मोजता येत न्हाई, अन् तू ह्यांच्या भरोशावर मिल बंद केली व्हय?”