भिजलेलं मंगलाष्टक : भाऊचा धक्का ते पनवेल

हल्ली पनवेलला जाणं म्हणजे काय हो! पूल आहेत, रुंद रस्ते आहेत, गाडीत एक डुलकी काढली की पनवेल. मी सांगतोय ती गोष्ट साठच्या आसपासची. तेव्हा गिरगावातून पनवेल म्हणजे एक तर ठाण्यावरून वळसा घालून एस.टी., नाही तर भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा आणि पुढे उरण, जासई, गव्हाण फाटा करत बस. लग्नसराईत एस.टी.ला जागा मिळेना, म्हणून मी समुद्रमार्ग धरला. तुम्हाला कधी त्या वाटेने जायची हौस आली तर एवढं ऐका : निघण्याआधी भरती-ओहोटी विचारा. मी विचारली नाही.

मी निघालो होतो माझ्या धाकट्या बहिणीच्या, शालिनीच्या, म्हणजे आमच्या शालूच्या लग्नाला. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत मांडव कुठे घालणार? म्हणून मुलाकडच्यांनीच पनवेलला त्यांच्या अंगणात कार्य ठरवलं. वडील, म्हणजे अण्णा, आणि बाकी सगळे दोन दिवस आधी गेले. मी नोकरीचं निमित्त सांगून मागे राहिलो. खरं कारण वेगळं होतं. माझं मंगलाष्टक लिहून झालं नव्हतं.

घरात मी कवी म्हणून प्रसिद्ध. म्हणजे चाळीच्या गणपतीत एकदा चार ओळी म्हटल्या होत्या, तेवढ्यावर. लग्न ठरलं तेव्हा ‘शालूचं मंगलाष्टक मीच करणार’ असं छाती पुढे काढून सांगून बसलो. मग एक दिवस शालू गच्चीवर पापड उलटताना हळूच म्हणाली, “दादा, त्यात आईला आण. नावानिशी.” आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी हो म्हणालो. पण आमचे आप्पाकाका, अण्णांचे थोरले भाऊ, यांच्या कानावर ते गेलंच. “गेलेल्या माणसाचं नाव मंगलकार्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” अण्णा भिंतीकडे बघत बसले. मग मीही शेपूट घातली. शेवटच्या रात्री लिहून काढलेल्या चार ओळींत सूर्य होता, चंद्र होता, दोन्हीकडची आडनावं होती, फक्त आई नव्हती. तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवून मी लाँचमध्ये बसलो आणि भाऊच्या धक्क्यापासून एकच विचार पोखरत राहिला : शालूला तोंड कसं दाखवू?

मोऱ्याला पोचलो तर नेमकी ओहोटी. लाँच धक्क्याला लागेना. सगळ्यांना लहान होडीत उतरवलं. होडी हलली, शेजारच्या गृहस्थांची ट्रंक घसरली, ती सावरायला मी वाकलो आणि एक लाट छातीवरून पार गेली. धक्क्यावर पाय ठेवताच खिशात हात घातला. कागद हाताला लागला, पण शाई खिशाला लागली होती. पांढऱ्या सदऱ्यावर निळा डाग आणि कागदावर काही नाही. ‘सूर्य’ मधला ‘सू’ तेवढा शिल्लक.

आठवून लिहावं म्हटलं, तर आठवेना! इतकी खाडाखोड केली होती की कुठली ओळ ठेवली, कुठली काढली, सगळा गोंधळ. मुहूर्त साडेबाराचा. उरणला स्टँडवर चहा घेतला, बटाटावडा घेतला. बस मिळाली, खिडकी मिळाली, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली, मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हात डोळ्यांत घुसत होत्या. इतर कुठल्याही दिवशी मी त्यावर कविता केली असती. त्या दिवशी फक्त घड्याळ बघत होतो.

जासई गेलं आणि थोड्या अंतरावर बसने मान टाकली. बॉनेटमधून वाफ. कंडक्टर म्हणाला, “पाणी थंड झाल्याशिवाय हात नाही लावता येणार.” दहा वाजून गेले होते. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालायला लागलो. बाभळीच्या सावलीत एक म्हातारी आगरी बाई निवांत बसली होती. ठसठशीत कुंकू, गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं, मांडीवर गाठोडं. ताडगोळे सोलून खात होती.

“बस ना रं बाला, किती फिरशील? त्या गारीला काय तुजी घाय हाय?”

“माझ्या बहिणीचं लग्न आहे हो पनवेलला! साडेबाराला!”

“माजं पन लगीनच हाय गव्हानला,” ती म्हणाली आणि माझं तोंड बघून खळखळून हसली. “माजा नाय रं! मी लावनारी. धवलारीन हाय मी.”

मला शब्द माहीत नव्हता. तिने सांगितलं. त्यांच्यात लग्न लागताना ही बाई गाते. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणायचं, आणि ते गायल्याखेरीज पुढचं पाऊल पडत नाही. तिचं नाव सोनाबाय. “मंग मी कनाला घाबरू? मी गेल्याबिगर लगीन लागतंय कुटं?”

मला तिचा हेवा वाटला. माझ्यावाचून लग्न बिनघोर लागणार होतं.

ताडगोळा हातात पडला, तसं माझं तोंड सुटलं. कागद, शाई, काका, सगळं सांगून टाकलं. तिने तो कोरा कागद उलटसुलट करून बघितला. “ह्याच्यात व्हता तुजा गाना? कागूद भिजतो रं. मी अक्षर शिकले नाय, पन माज्या सासूचे समदे धवले हायेत इथं,” असं म्हणत तिने कपाळावर टिचकी मारली.

“मग एखादा म्हणून दाखवा ना!”

“छट्! मांडवाबिगर धवला नाय गावाचा.” हे तिने इतक्या कडकपणे सांगितलं की मी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “पन त्यात काय असतं तं सांगते. पयलं बोलावनं. गावदेवीला, वेताळाला, मंग त्या घरातल्या गेलेल्या मानसांना. येकेकाचा नाव घेऊन. आजा, आजी, कुनाचा बाप, कुनाची आय.”

“गेलेल्या माणसांना? लग्नात? अशुभ नाही मानत?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आरं, जिते तं जेवनाच्या वासानं येतात. गेलेल्यांना बोलवाया नको? नाय बोलावला तं ती दारात उभी रातील ना. तुजे आयेचा नाव काय हाय?”

“मालती.”

“मालती,” ती म्हणाली. नुसतं म्हणाली, गायली नाही. तीन वर्षांत ते नाव आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात मिठाचा ट्रक आला. सोनाबाय रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर तिला ओळखत होता. त्याच्या लग्नात तीच गायली होती म्हणे. आम्ही दोघं पुढे बसलो. गव्हाण फाट्याला ती उतरली, ड्रायव्हरला म्हणाली, “याला मांडवाच्या दारात सोर.” आणि मला, “लिवू नको आता. म्हन.”

पनवेलपर्यंत मी म्हणत राहिलो. ट्रकच्या खडखडाटात पहिली ओळ जुळली. दुसरी कशीबशी. तिसरीत दोन्ही आडनावं कोंबली. चौथीचा शेवट ठरलेलाच असतो.

पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला होता. घामाने आणि मिठाने चिकट झालेला, छातीवर शाईचा डाग, असा मी गर्दीतून घुसलो. वरमाईच्या बहिणीचं मंगलाष्टक संपत आलं होतं. भटजींनी विचारलं, “आणखी कोणी?” आप्पाकाका माझ्याकडे बघत होते. शालूच्या मागे मामा उभा होता, आईचा सख्खा भाऊ. शालूने मान वर केली नाही, पण मी आलो हे तिला कळलं असावं, कारण तिच्या हातातला हार हलला. नाही म्हटलं तर आत्ता सुटतो, असंही मनात आलं. मग डोळे मिटले आणि आवाज लावला :

“आली मालति मंडपात फिरुनी, लेकीस भेटायला…”

माझा आवाज फाटला. दुसरी ओळ मी कुठल्या चालीत म्हटली देव जाणे. शेवटी ‘सावधान’ झालं तरी अक्षता लोकांच्या मुठीतच राहिल्या. पहिली मूठ मामाने टाकली. तो रडत होता आणि पुसतही नव्हता. मग चहूकडून अक्षता पडल्या.

जेवणात मसालेभात, मठ्ठा, जिलबी होती, एवढं आठवतं. आप्पाकाका पंगतीत समोर बसले. मी मान खाली घालून वाट बघत होतो. दोन जिलब्या संपवून म्हणाले, “दुसऱ्या ओळीत चाल चुकलास.” आणि माझ्या पानात तिसरी वाढायला सांगितली.

निघताना शालूने माझ्या खिशावरच्या निळ्या डागावर हात ठेवला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यावरून एस.टी.ने परतलो. घरी अण्णांनी कुलूप काढलं, स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. शालू नसल्यामुळे कप कुठे आहेत ते दोघांनाही सापडेना. मग अण्णा माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “ती पहिली ओळ परत म्हण.” मी म्हटली. चहा उतू गेला.

सदरा कितीदा धुतला, डाग गेला नाही. सोनाबायचा धवला ऐकायचा राहिला तो राहिलाच. उरलेल्या तीन ओळी मी विसरलो. पहिली मात्र आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात म्हणतात; त्या घरचं जे माणूस गेलं असेल त्याचं नाव घालून. आप्पाकाकांचं नाव घातलं तेव्हा ओळ बरीच वाकवावी लागली होती.

यंदा वैशाखात पुन्हा पनवेलला गेलो, शालूच्या नातीच्या लग्नाला. गाडीने तासाभरात पोचलो. साऱ्या वाटेत ओळ घोळवत होतो. मालतीच्या जागी शालिनी, ‘लेकीस’च्या जागी ‘नातीस’. कुठेही वाकवावं लागलं नाही, नाव अगदी नेमकं बसलं. बसू नये असं फार वाटत होतं.